कसोटीचा शिक्का

आमच्या घरी खंडेनवमीच्या पूजेत आजोबांची दुनळी बंदूक असते. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर सुबक अक्षरांत ‘लंडन’ कोरलेले आहे, आणि त्या एका शब्दावर आमच्या घराण्याचा निम्मा अभिमान उभा आहे. यंदा काकांनी ती पुसायला उघडली, तेव्हा नळ्या सुट्या करून मी उलट्या धरल्या. एरवी झाकलेल्या भागावर बारीक शिक्के दिसले: मुकुट, त्याखाली तिरपे राजदंड आणि बी, पी, सी ही अक्षरे.

शिक्का बर्मिंगहॅमचा निघाला! तेथले कसोटीघर १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने निघाले. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाची सनद १६३७ची; त्यांची खूण निराळी, मुकुटाखाली गुंफलेले जी आणि पी. बर्मिंगहॅमने आपली खूण १९०४ साली बदलली. म्हणजे आमची बंदूक त्याआधीची. धूरविरहित दारूच्या कसोटीची खूण तिच्यावर नाही. आजचे जोरकस काडतूस घातले, तर नळी फुटायची.

काकांचा चेहरा उतरला. “म्हणजे आमचे वडील खोटं सांगत होते?”

“नाही काका, त्यांनी वाचलं ते सांगितलं.”

मी गप्प बसायला हवे होते का? सणासुदीला वडीलधाऱ्यांचे मन दुखवणे मलाही रुचत नाही. पण उद्या लग्नाच्या वरातीत कुणी हौसेने चाप ओढला असता, तर माझ्या सौजन्याची किंमत एखाद्या पोराच्या बोटांनी चुकवली असती. केवळ अभिमान दुखावणार असेल, तर सत्य थोडे थांबू शकते. जीव धोक्यात असेल, तर नाही.

मला वाटते, नाव विकणारा कोरतो, घेणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. शिक्का मारतो तिऱ्हाईत, आणि तोही नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी तगल्यावर. शिवाय तो ग्वाही देतो त्या दिवसापुरती. पुढे नळी आतून झिजली किंवा कुणी कोरून रुंद केली, तर पुन्हा कसोटी द्यावी लागते. आजोबांच्या सचोटीचा दाखला आम्ही नातवंडे किती वर्षे वापरणार?

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, “अरे, पण इतकी वर्षं हे कुणाला दिसलं कसं नाही?”

“पूजेत आपण ती उलटी कधी ठेवलीच नाही, काका.”

ते हसले आणि स्वतःच हळदकुंकू घेऊन पुढे झाले.