उजवीकडचं नृत्य

चि. मुक्ता,


तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. गागाकू, म्हणजे जपानी दरबाराचं संगीत आणि नृत्य, हा विषय घेतलास याचा फार आनंद झाला. पण पहिल्याच ओळीतलं ‘अस्सल जपानी’ तेवढं काढून टाक. जपानच्याच ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथात निराळी हकिकत आहे. सम्राट इंग्यो वारले तेव्हा कोरियातल्या शिल्ला राज्याने 80 वादक धाडले, अशी 453 सालची नोंद त्यात सापडते. ग्रंथ पुरा झाला 720 मध्ये, तेव्हा इतक्या जुन्या सालावर डोळे मिटून विसंबू नकोस. पुढे 554 मध्ये पेकचे राज्यातून तिथल्याच आधीच्या वादकांच्या जागी नवे आले. 612 मध्ये पेकचेचाच मिमाजी आला आणि त्याने मुखवट्यांचं नृत्य साकुराई इथे मुलांना शिकवायला घेतलं. मला हीच नोंद सर्वांत मोलाची वाटते, कारण इथून विद्या जपानच्या मातीत रुजू लागते.

मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. आजचं ‘कोमागाकू’ म्हणजे जुना कोरिया जसाच्या तसा, असं लिहिलंस तर तेही चुकेल. नवव्या शतकात दरबाराने सगळी नव्याने मांडणी केली. चीनकडून आलेलं ते डावीकडचं. कोरियातल्या शिल्ला, पेकचे, गोगुर्यो या तिन्ही राज्यांचं आणि पालहे राज्याचं ते उजवीकडचं, म्हणजेच कोमागाकू. डाव्या नर्तकांच्या पोशाखात तांबडा रंग प्रमुख, उजव्यांच्या हिरवा. उजवीकडे शो हे तोंडाने वाजवायचं वेळूचं वाद्य नसतं, बासरीही आखूड आणि सहा छिद्रांची.

तू पखवाज शिकलेली आहेस, म्हणून सान-नो-त्सुझुमीकडे नीट बघ. मध्ये बारीक कंबर असलेला हा ढोल कोरियाच्या चांगोचा नातलग. चांगो दोन्ही तोंडांवर वाजतो, जपानी वादक मात्र एकाच तोंडावर काठी मारतो. घेतलेलं कसं आणि किती बदललं, हे अशा जागी हाताला लागतं. ‘नासोरी’ हे दोघांचं नृत्य बघताना कान या ढोलाकडे ठेव.

माणसांनाही विसरू नकोस. 1233 मध्ये ‘क्योकुन्शो’ हा मोठा संगीतग्रंथ लिहिणारा कोमा नो चिकाझाने ज्या घराण्यातला, ते आपलं मूळ गोगुर्योकडे सांगे. आणि डिसेंबर 2001 मध्ये सम्राट अकिहितो यांनी जाहीरपणे सांगितलं, की राजवाड्याच्या संगीत विभागात प्राचीन काळी कोरियातून आलेल्यांचे वंशज आजही वाजवतात. हे विधान तळटीपेत ढकलू नकोस, मजकुरात घे.

एक आग्रह आहे. नारातल्या शोसोइन भांडारात शिल्लाची बारा तारांची वाद्यं जपलेली आहेत, पण दरबारी वादनातून ते वाद्य केव्हाच गळालं. त्याचंच भावंड कायागुम कोरियात आजही वाजतं. ते सोलला जाऊन ऐकल्याशिवाय दुसरं प्रकरण लिहायला बसू नकोस. तिकिटाचे पैसे मी देईन.

तुझी,
आत्या