बावीस यार्डांना नमस्कार



१६ नोव्हेंबर २०१३, शनिवार. बोरी गावाच्या शिवारात कापूस वेचणीचे दिवस होते, तरी त्या सकाळी माणसं टीव्हीपुढून हलेनात. वानखेडेवर सचिन तेंडुलकरची दोनशेवी आणि शेवटची कसोटी तिसऱ्याच दिवशी संपली होती.

टीव्हीपुढे रडणारे हे लोक काही त्याच्या नात्यागोत्यातले नव्हते. पण १९८९ साली कराचीत तो सोळाव्या वर्षी पहिली कसोटी खेळला, तेव्हा शाळेत जाणारी पोरं आता लेकरांचे बाप झाली होती. दुष्काळ असो, लग्नसराई असो, परीक्षा तोंडावर असो, 'सचिन आहे का अजून?' हे विचारल्याशिवाय स्कोअर कळत नसे. चोवीस वर्षं घरात वावरलेला माणूस निघाला, की आपलंही तारुण्य त्याच्यासोबत उठून जातं. त्या रडण्यात मला कसलाही वेडेपणा दिसत नाही.

निरोपाच्या भाषणात कुणाचं नाव राहू नये म्हणून सचिनने यादी हातात घेऊन आभार मानले. पहिलं नाव दिवंगत वडिलांचं. आई रजनीताई लेकाचा खेळ मैदानात बसून पाहायला प्रथमच आल्या होत्या.

मग तो एकटाच खेळपट्टीकडे गेला, वाकला, दोन्ही हातांनी तिला स्पर्श केला आणि हात कपाळाला लावले. पेरणीआधी आपल्याकडे काळ्या आईला हात लावतात, अगदी तसंच. बोरीतल्या शेतकऱ्याला ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्याच दिवशी त्याला भारतरत्न जाहीर झालं. मला मात्र तो नमस्कार अधिक मोलाचा वाटतो.