टक्कर तिथली, ऊर्जा कुणाची?

निसर्गाने महाकोलायडर फुकटात बांधून ठेवला आहे, मग जमिनीखाली बोगदे खणून अब्जावधी कशाला ओतायचे? २०२५च्या जूनमध्ये अँड्र्यू ममरी आणि जोसेफ सिल्क यांचा कृष्णविवरांजवळच्या टकरींवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून हा सवाल बातम्यांतून भाषणांत आणि व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. मूळ निबंधात अट स्पष्ट आहे: कृष्णविवर जवळजवळ कमाल वेगाने फिरणारं हवं. बातमी होताना ही अट गळाली. मोठ्या प्रयोगांवरचा खर्च वायफळ ठरवायला निघालेल्यांना तर ती नकोच होती.

बंगळूरमध्ये हे ऐकताना जास्तच खुपतं. कृष्णविवरांचे अभ्यासक सी. व्ही. विश्वेश्वरा या गावचे. इथल्या नेहरू तारांगणाचे ते संस्थापक-संचालक म्हणून लोकांना आठवतात. पण १९६८च्या त्यांच्या निबंधाने या सगळ्या कथेची जमीन आखली. न फिरणाऱ्या कृष्णविवरात दोन सीमा एकमेकींवर बसलेल्या असतात: जिथे स्थिर उभं राहणं अशक्य होतं ती आणि जिथून परतणं अशक्य होतं ती, म्हणजे क्षितिज. कृष्णविवर फिरू लागलं की त्या वेगळ्या होतात. मधल्या पट्ट्यात, म्हणजे अर्गोस्फिअरमध्ये, दुरून मोजलेली कणाची ऊर्जा ऋणही असू शकते. रॉजर पेनरोझने १९६९मध्ये नेमकं हेच वापरलं. कण तिथे फुटतो, एक तुकडा ऋण ऊर्जा घेऊन आत पडतो, दुसरा मूळ कणापेक्षा जास्त ऊर्जा घेऊन बाहेर येतो आणि फरक कृष्णविवराच्या भ्रमणातून वजा होतो.

पुढच्या काही वर्षांत या कल्पनेची हवा गेली. बार्डीन, प्रेस आणि टुकोल्स्की यांनी १९७२मध्ये आणि वॉल्डने १९७४मध्ये दाखवलं, की हे घडायचं तर तुकडे एकमेकांपासून प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने सुटायला हवेत. एवढा धक्का देणारी स्फोटक घटना निसर्गात सहज सापडत नाही. पिरान, शाहम आणि कॅट्झ यांनी १९७५मध्ये फुटण्याऐवजी टक्कर घेऊन पाहिली.

आता ज्या वळणावर मला थांबायचं आहे, ते. हा इतिहास सांगणारे बहुतेक लोक १९६९वरून थेट २००९च्या टकरींवरच्या निबंधावर उडी मारतात आणि मधलं १९८५ साल 'चुंबकीय उपप्रकार' म्हणून तळटीपेत टाकतात. मला ते साफ चुकीचं वाटतं. त्या वर्षी संजय वाघ, संजीव धुरंधर आणि नरेश दधीच यांनी 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल'मध्ये पेनरोझ प्रक्रियेचं पुनरुज्जीवन मांडलं. पुण्याची आयुका ही खगोलविज्ञान संस्था अजून स्थापनही झाली नव्हती. दधीच पुणे विद्यापीठाच्या गणित विभागात होते. वॉल्डची मर्यादा त्यांनी खोडून काढली नाही, ती पूर्ण मान्य केली. त्यांनी विचारलं: तो धक्का तुकड्यांनीच का द्यायचा? कृष्णविवर चुंबकीय क्षेत्रात असेल आणि तुकडे विद्युतभारित असतील, तर एका तुकड्याला ऋण ऊर्जेत ढकलण्याचं काम क्षेत्र करतं. वेगाची ती अट उरत नाही. त्याच वर्षी भट, धुरंधर आणि दधीच यांचा विद्युतभारित कृष्णविवराच्या ऊर्जेवरचा निबंध बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. साध्या पेनरोझ प्रक्रियेत नफा फार तर २०.७ टक्के. पुढच्याच वर्षी याच गटाने चुंबकीय क्षेत्रात तो शंभर टक्क्यांच्या पलीकडे जाऊ शकतो हे दाखवलं.

बदल आकड्यात नव्हता, प्रश्नात होता. तिथे किती ऊर्जा शक्य आहे, हे विचारणं सोपं. ती कोण पुरवतं आणि बाहेर किती पोचते, हे विचारणं अवघड. १९८५ने दुसरा प्रश्न धरला. २००९च्या गाजावाजात लोक पहिल्यावर परत गेले.

त्या वर्षी बन्यादोस, सिल्क आणि वेस्ट यांनी दाखवलं, की कमाल वेगाने फिरणाऱ्या कृष्णविवराच्या क्षितिजाशी दोन कणांच्या टकरीची ऊर्जा हवी तेवढी वाढवता येते. गणित बिनचूक आहे. पण त्यातला एक कण अगदी नेमक्या कोनीय संवेगाचा लागतो आणि त्याला क्षितिजाशी पोचायला अनंत काळ लागतो. शिवाय, भोवती फिरणाऱ्या वायूच्या चकतीच्या गिळलेल्या प्रारणामुळे भ्रमण कमाल मूल्याच्या ०.९९८पट इथे अडतं, हे किप थॉर्नने १९७४मध्येच काढलं होतं. तो आकडा सूत्रात घाला. अनंताच्या जागी काय येतं? दुरून पडलेल्या दोन समान कणांची टक्कर त्यांच्यापैकी एकाच्या स्थिर वस्तुमान-ऊर्जेच्या सुमारे १९पट. जीनिव्हाजवळच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये १३.६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टला प्रोटॉन आदळतात, तेव्हा हीच पट साडेचौदा हजारांच्या घरात जाते. ज्याला बिचारा म्हणून बाजूला सारलं जातं आहे तो हा बोगदा!

ममरी आणि सिल्क हे ओळखूनच वेगळी वाट घेतात: दुरून पडणारे कण आणि उलट्या दिशेने फिरत आत कोसळणारी चकती यांची टक्कर. त्यातून दहा ते शेकडो टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट मिळू शकतात, पण तेही कमाल भ्रमणाच्या अगदी जवळच. आणि टक्कर जबर झाली तरी निम्माच हिशेब झाला. अवशेषांतले बरेचसे आत पडतात. सुटतात त्यांची ऊर्जा वर चढताना आटते. बेयगर, पिरान आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये सुटणाऱ्या कणाची मर्यादा घातलेल्या ऊर्जेच्या सुमारे १.३पट काढली. श्निटमनने २०१४मध्ये वेगळ्या कक्षा घेऊन ती जवळपास १४पटीवर नेली. हे दोन्ही आकडे कमाल भ्रमणाचेच. जीनिव्हात टकरीच्या जागेभोवतीच शोधक उभे असतात आणि तीच टक्कर पुन्हा पुन्हा घडवता येते. क्षितिजाशी तसं काहीच नाही.

मग आकाशातून येणाऱ्या अतिऊर्जावान कणांचं काय? तिथे मी १९८५च्या बाजूने उभा आहे. २०२०मध्ये तुर्सुनोव्ह, दधीच आणि सहकाऱ्यांनी तोच चुंबकीय मार्ग पुढे नेला: एक अब्ज सूर्यांएवढं कृष्णविवर, भोवती दहा हजार गाउसचं क्षेत्र आणि क्षितिजाजवळ न्यूट्रॉनच्या क्षयातून निघालेला प्रोटॉन. त्याची ऊर्जा १०च्या विसाव्या घाताएवढ्या इलेक्ट्रॉनव्होल्टपलीकडे जाऊ शकते. या वैश्विक किरणांचा माग काढण्यासाठी अर्जेंटिनात पिएर ऑजर वेधशाळेचे शोधक तीन हजार चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर मात्र याच गणिताने त्या पातळीच्या हजारो पटींनी खाली अडतं. कमाल भ्रमणाची अट या चुंबकीय मार्गाला लागत नाही. लागतं ते भ्रमण आणि चुंबकीय क्षेत्र, आणि एम-८७ या आकाशगंगेच्या कृष्णविवराभोवती चुंबकीय क्षेत्र असल्याची खूण इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने २०२१मध्ये ध्रुवित प्रकाशात टिपली आहे.