चालकाच्या बैठकीवरून

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील रस्त्यांना एक निराळीच वर्दळ येते. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, त्यांची लेकरे, भांडीकुंडी असा संसार घेऊन ट्रक आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. गाळप सुरू झाले की उंच रचलेला ऊस रात्रंदिवस वाहिला जातो. अपघाताची वार्ता आली की आपला पहिला प्रश्न असतो, 'ड्रायव्हर प्यालेला होता काय?' प्रश्न गैर नाही. पण तो आपल्याला फार लवकर मोकळे करतो.

चालकाच्या बैठकीवर क्षणभर बसून पाहावे. उंच केबिनमधून दूरचे पुष्कळ दिसते, अगदी जवळचे दिसत नाही. पुढची काही पावले, डावी बाजू आणि थेट पाठीमागची जागा त्याच्यापुरती अंधारीच. दुचाकीस्वाराला ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर चालकालाही तो दिसत नसतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच्या एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे गेलेली असते. खरे थांबणे त्यानंतर सुरू होते. अशा वेळी मागे दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही, अशी उसाची ट्रॉली अंधारात समोर आली, तर सारा दोष त्याच्याच माथी मारावा काय? इतरांना आपण दिसू अशी व्यवस्था करणे हेही शेजाऱ्याप्रती कर्तव्यच आहे, असे आम्हांस वाटते.

याहून बिकट प्रश्न अपघातानंतरचा. निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यू घडविला आणि पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळविता पळ काढला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) मध्ये 10 वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. त्याविरुद्ध जानेवारी 2024 च्या आरंभी चालकांनी देशभर चाके थांबविली. मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर निघेनात, पंपांवर रांगा लागल्या. 1 जुलै 2024 रोजी संहिता अमलात आली, ते उपकलम मात्र बाजूला ठेवण्यात आले. थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही, असे चालकांचे म्हणणे होते. ते सबब म्हणून झटकता येत नाही. जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 ने चालकावर घातले आहे, आणि जमावाच्या क्षोभाचा अपवादही तेथेच नोंदला आहे. आपल्या रागाची ही नोंद आपल्याला भूषणावह नाही.

तरी भीतीने चालकाचे ऋण फिटत नाही. यरीहोच्या वाटेवरून याजकही बाजूने निघून गेला (हे वाचताना आम्हां धर्मगुरूंना दरवेळी बोचते). त्यालाही कदाचित लुटारूंचे भय वाटले असेल. पण तो वाटसरू होता. ज्याच्या चाकाखाली माणूस आला, त्याचे देणे त्याहून मोठे. थांबणे अशक्यच झाले, तरी पुढच्या ठाण्यात जाणे आणि 108 वर फोन करणे त्याला शक्य असते.

आणि जमाव? त्यात आपल्याच गावची मुले असतात. मदत करणाऱ्यास 2019 च्या दुरुस्तीने, कलम 134अ अन्वये, संरक्षण दिले आहे. गर्दीतील एकाने जखमीजवळ बसावे, आणि दुसऱ्याने पोलीस येईपर्यंत केबिनच्या दाराशी उभे राहावे.