सब्र कुणी करायचा?

कर्करोग पुढच्या टप्प्यात पोचलेल्या घरी भेटीला येणारी माणसे निघताना बहुधा एकच गोष्ट सांगतात, "सब्र करा." शब्द चांगला आहे, सांगणाऱ्याची नियतही चांगली असते. पण आजार हाडांत पसरून रात्रभर तळमळणाऱ्या बायकोला नवऱ्यानेही हेच सांगावे काय?

दुःख सोसल्याने गुनाह झडतात, या श्रद्धेने अनेकांना बळ दिले आहे. परंतु वाट्याला आलेले दुःख सोसणे वेगळे आणि टाळता येण्याजोगे दुःख दुसऱ्याला सोसायला लावणे वेगळे. पहिला सब्र, दुसरा जुलूम. सब्र म्हटले की आपण हजरत अय्यूब यांचे नाव घेतो. त्यांनीही आपला त्रास अल्लाहपुढे मांडलाच. आणि त्यांना मिळाले ते न्हाण्यापिण्यासाठी थंड पाणी. तेव्हा वेदना बोलून दाखवणारी बाई बेसब्र ठरत नाही.

मॉर्फिनचे नाव निघाले की मात्र घर बिचकते. ते अफूपासून बनते, म्हणून कुणी 'नशा' म्हणतो, कुणी 'हराम'. निकडीच्या वेळी मनाई शिथिल होते, हे फिकहमधले जुने तत्त्व आपण अशा वेळी विसरतो. इब्न सीनाने सुमारे हजार वर्षांपूर्वी वेदनाशामक म्हणून अफूची नोंद केली होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांच्या तीन पायऱ्या सांगितल्या, त्यातल्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे ते इतके दुर्मीळ झाले, की २०१४ मध्ये त्यात दुरुस्ती करावी लागली. आजही ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही.

डॉक्टरांच्या सल्ल्याने साधी गोळी सहसा दर चार तासांनी द्यायची असते. दुखणे असह्य होईपर्यंत थांबायचे नसते. सुरुवातीची गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता राहते, म्हणून सोबत रेचक लागते. रमजानमध्ये रोजा सुटल्याची खंत तिला वाटेल. पण ज्या दीनने आजाऱ्याला रोज्यातून सूट दिली, पडल्या पडल्या इशाऱ्याने नमाज अदा करण्याची मुभा दिली, तो दीन तिच्याकडून वेदनेचा हट्ट कसा धरील?

वेदनेला साक्षीदार नसतो. शून्य ते दहापैकी किती दुखते, असे विचारल्यावर तिने 'आठ' म्हटले, तर आठच. "काल तर बरी होतीस," असे म्हणणे म्हणजे तिची गवाही नाकारणे. आकडा वहीत लिहावा, गोळीची वेळ लिहावी आणि वही डॉक्टरांना दाखवावी.

याची दुसरी बाजू अधिक अवघड आहे. मुले शाळेतून येणार आहेत, त्यांच्याशी बोलायचे आहे, म्हणून ती जादा गोळी नको म्हणते. थोडे दुखले तरी चालेल, पण जागे राहायचे आहे. नवऱ्याला तिचे कण्हणे ऐकवत नाही. तो गोळी घेण्याचा आग्रह धरतो. इथे त्याने स्वतःला विचारायला हवे: मला तिची वेदना थांबवायची आहे, की तिच्या कण्हण्याने मला होणारा त्रास? गुंगी कमी ठेवून दुखणे आवरता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. पण जागे राहण्यासाठी किती सोसायचे, हे ठरवण्याचा हक्क तिचाच.

कुरआनने पतीपत्नीला एकमेकांच्या वस्त्राची उपमा दिली आहे. वस्त्र अंगाला सर्वांत जवळचे असते, तरी ते अंग नव्हे. देह तिचा आहे, दुखणे तिचे आहे. नवऱ्याच्या वाट्याला रात्री तीनच्या गोळीसाठी उठणे येते, औषधाच्या रांगेत उभे राहणे येते, दुखण्याने चिडून ती काही बोलली तर उलट न बोलणे येते. सब्र करायचा तो इथे, आणि तो त्याने करायचा आहे.