बैलजोडीचं कर्ज

पोराला नागपूरला नीटच्या क्लासला घातलं, त्या साली मी बैलजोडी विकली. दर आठवड्याला फोनवर त्याला सांगायचो, "तुह्यासाठी बैलं विकले, ध्यानात ठेव." मला वाटे, यानं पोरगं जिद्दीला पेटतं.

एका रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. "बाबा, माहा नंबर नाही लागला, तं बैलं वापस येतीन का?"

आवाज ऐकून मी खाटेवर उठून बसलो. धीर करून सरळच विचारलं, "तुह्या मनात जीव द्याचं येते का रे?"

बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "येते."

खोलीतल्या मित्राला रात्रभर त्याच्यापाशी बसायला सांगितलं. पहाटेच्या एसटीनं गेलो अन् त्याला घेऊन सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे आलो. मी असं विचारायला नको होतं, हेच डोक्यात घोळत होतं. डॉक्टर म्हणाले, विचारल्यानं असा विचार पेरला जात नाही. उलट पोराला बोलायला वाट मिळते.

तेव्हापासून एक प्रश्न सुटत नाही. बापानं लेकरासाठी केलेलं लेकरानं फेडायचं असतं का? २०२४ साली नीटला २३ लाखांवर पोरं बसली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखही नव्हत्या. म्हणजे जीव तोडून अभ्यास केला तरी बहुतेकांचा नंबर लागणारच नव्हता. कर्ज माणसाला आतून कसं पोखरतं, हे वर्धा जिल्ह्याला कोणी सांगायला नको. सावकाराचा तगादा आम्ही सोसला, अन् तसाच तगादा मी मायेच्या आवाजात पोराच्या मागं लावला.

याच वर्ध्यात १९३७च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मातृभाषेतून अन् हाताच्या उद्योगातून शिक्षण, ही नई तालीम तिथं मांडली गेली. त्या मातीत राहून मी पोराला एकच दार दाखवलं.

कोणी म्हणेल, धाक नसला तर पोरं शिकतील कशी? शिकावं, ही आस खरीच. पण हरल्यावर घरी यायची वाट बंद होईल, एवढा धाक नसावा.

आता तो वर्ध्यातच बीएस्सी करतो. औषध डॉक्टर सांगतील तसं चालू आहे. भिंतीवर १४४१६ लिहून ठेवला आहे. सरकारच्या टेलि-मानसचा हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो.

बैलं अजून घेतली नाहीत. पण पोराला सांगून टाकलं, "बैलं माहे होते, म्या विकले. तुह्याकडं काही निघत नाही."