बाबा बोलायचेच नाहीत, म्हणे

या 4 डिसेंबरच्या नौदल दिनीही व्हायचे तेच झाले. मोबाइलवर 'विक्रांत' या विमानवाहू नौकेची छायाचित्रे, मागे बासरी, खाली जोडलेले हात. एका चिरंजीवांनी तर कैलासवासी वडिलांना 'विक्रांत'वर बसवून थेट कराचीच्या स्वारीवर धाडले. 1971 च्या भारत-पाक युद्धातल्या त्या रात्री 'विक्रांत' होती बंगालच्या उपसागरात. कराचीवर चालून गेल्या त्या 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या लहानशा क्षेपणास्त्र नौका.

कुणी हे लक्षात आणून दिले, की उत्तर ठरलेले: "बाबा कधी बोलायचेच नाहीत हो!"

बोलायचे नाहीत? हेच बाबा भावकीच्या बांधावर आणि पेन्शनच्या थकबाकीवर तासन्‌तास बोलत. बोटीचा विषय निघाला की मात्र समोरचा चार्जर शोधायला उठे. "पुन्हा तीच गोष्ट नको" असे ज्या घरात वर्षानुवर्षे ऐकवले गेले, तिथे मौनाचे खापर बाबांच्याच माथी. पुढे बाबा गेले, की त्याच मौनाला त्याग म्हणायचे आणि बासरी लावायची. कागद पावसात भिजले, बदल्यांत हरवले, या सबबी निदान खऱ्या तरी असतात.

बरे, नसतील बोलले. कपाटातली पदके तर बोलतात. त्या युद्धात पूर्व आघाडीवरच्यांना पूर्वी स्टार मिळाला, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. नुसती डबी उघडली असती, तरी वडिलांची बोट कराचीला गेली नसती.

विचारायला बापच उरला नाही, अशीही घरे आहेत. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नाविक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले; त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. त्यांची कन्या अमिता मुल्ला वट्टल वडिलांबद्दल जाहीरपणे बोलत आल्या आहेत. ज्यांचा बाप परतलाच नाही, त्यांना सांगण्यासारखे सापडते. ज्यांचा बाप निवृत्तीनंतर वर्षानुवर्षे आरामखुर्चीत समोर बसलेला होता, त्यांना बासरी सापडते.

सगळ्यांनी इतिहासकार व्हावे, असा आग्रह नाही. तेवढा उत्साह कुणात असता, तर फॉरवर्डचा धंदाच बसला असता. पण नाविकांच्या नोंदी सांभाळणारी नौदलाची कचेरी मुंबईतच, मानखुर्दच्या चीता कॅम्पात आहे आणि तिथवर हार्बरची लोकल जाते. बाबा हयात असतील, तर तेवढीही तंगडतोड नको. आज रात्री जेवताना टीव्ही बंद करा आणि जहाजाचे नाव विचारा.